कोणत्या तारखेला खरे?

कापडावरचा जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून 5 टक्क्यांवरून 12 टक्के व्हायचा होता. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौला भरलेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत तसे ठरले आणि नोव्हेंबरात अधिसूचना निघाली. भिवंडी-इचलकरंजीच्या व्यापाऱ्यापासून सुरतेच्या घाऊक दुकानदारापर्यंत ज्याचा हिशोब संगणकावर चालतो, त्याला डिसेंबरातच रेट मास्टरमध्ये नव्या दराची सोय करून ठेवणे भाग होते. 31 डिसेंबरला परिषद पुन्हा बसली आणि कापडाची दरवाढ पुढे ढकलली गेली. हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरची, तितकीच आणि त्याच दिवसापासूनची वाढ मात्र ठरल्याप्रमाणे लागू झाली. आता एखाद्या व्यापाऱ्याच्या डेटाबेसला 20 डिसेंबरला विचारले असते की 5 जानेवारीला कापडावर कर किती, तर उत्तर 12 टक्के यायला हवे होते. तोच प्रश्न 2 जानेवारीला विचारला असता तर 5 टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ज्याने डिसेंबरातच 5 खोडून 12 लिहिले, त्याची डिसेंबरातली बिले चुकली. ज्याने 1 जानेवारीला 12 खोडून पुन्हा 5 लिहिले, त्याच्याकडे डिसेंबरात 12 टक्के धरून गिऱ्हाईकाला दिलेल्या दरपत्रकाचे स्पष्टीकरणच उरले नाही.

हे पुस्तक अशा नोंदींविषयी आहे. व्यवसायाच्या डेटाबेसमध्ये काल लागू असलेले, आज लागू असलेले आणि पुढे लागू होणारे अशा तिन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र नांदतात. दर, पगार, करार, पत्ते, सवलती, विम्याचे हप्ते, भाडेपट्टे यांतली कोणतीच गोष्ट एकदा लिहून कायमची राहत नाही. या प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे: भूत, वर्तमान आणि भविष्य हे नोंदींचे तीन प्रकार नाहीतच. नोंद एकाच प्रकारची असते. तिला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात, आणि ती चालू आहे की नाही हे विचारणाऱ्याच्या तारखेवर ठरते. चालूपणा हा नोंदीच्या अंगचा गुण समजून कॉलममध्ये लिहून ठेवला की पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

जुने पुसून त्या जागी नवे लिहायची सवय संगणकाने लावली, हिशोबाने नव्हे. रोजकीर्द लिहिणारा कारकून आधीची रक्कम खोडत नसे. चूक झाली तर उलटी नोंद टाकत असे, आणि शिल्लक ही खतावणीतून काढायची गोष्ट होती. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरातही हीच शिस्त आहे. सातबारा उतारा आजची स्थिती दाखवतो, पण ती स्थिती गाव नमुना सहामधल्या फेरफार नोंदींवर उभी असते. जमीन विकली गेली तर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो, त्याचे नाव नाहीसे केले जात नाही. खरेदीखत एका तारखेचे, तलाठ्याने नोंद धरली ती दुसऱ्या तारखेला, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली ती तिसऱ्या, आणि या तिन्ही तारखा शोधता येतात. महसूल खात्याच्या कारभाराबद्दल कोणाचे काहीही मत असो, या नमुन्यांची रचना करणाऱ्यांना काळ समजला होता. संगणकाच्या सुरुवातीच्या काळातही, मॅग्नेटिक टेपवर काम चालत होते तेव्हा, जुन्या मास्टर टेपवरून बदलांसह नवी टेप तयार होई आणि जुनी टेप शाबूत राही. डिस्क आल्यावर नोंदीच्या जागीच नवे लिहिणे शक्य झाले, आणि जागा महाग असल्यामुळे तेच शहाणपणाचे ठरले. डेटाबेसमधल्या व्यवहार या संकल्पनेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या जिम ग्रे यांनी 1981 मध्येच या जागच्या जागी बदलाला विषारी सफरचंदाची उपमा देऊन प्रश्नचिन्ह लावले होते, आणि हिशोबनीसांच्या शेकडो वर्षांच्या परंपरेला ते धरून नाही हेही दाखवून दिले होते. त्यानंतर डिस्क स्वस्त होत गेली, सवय मात्र गेली नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी एकाच कॉलमचे नाव घेऊन येतो: ‘अ‍ॅक्टिव्ह’, वाय किंवा एन. इतके सोपे असताना तारखांची भानगड कशाला? पण हा फ्लॅग दोन परस्परविरुद्ध गोष्टींना एकच अक्षर देतो. गेल्या वर्षी संपलेला दर एन, आणि पुढच्या महिन्यात सुरू होणारा दरही एन. दोन्हींत फरक सांगायचा तर तारीख पाहावीच लागते, मग फ्लॅग कशासाठी? शिवाय तो बदलायला कोणीतरी लागते. मध्यरात्री चालणारा जॉब त्या रात्री अडला, सर्व्हर बंद होता, वर्षअखेरीचा बॅकअप लांबला, की 1 तारखेला सकाळी दुकान उघडते आणि डेटाबेस अजून 31 तारखेतच असतो. तारखांवरून उत्तर काढणारी क्वेरी अशा जॉबची वाट पाहत नाही. ‘मागच्या मार्चमध्ये चालू काय होते’ हे तर फ्लॅगला सांगताच येत नाही. त्याला फक्त आज माहीत असतो, तोही कोणी सांगितला तर. डेटा वेअरहाउसच्या क्षेत्रात राल्फ किंबॉल यांनी हळूहळू बदलणाऱ्या माहितीचे क्रमांकित प्रकार लावून दिले. त्यांतल्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे प्रत्येक बदलाला नवी रो टाकण्याच्या पद्धतीत, दोन तारखांबरोबर चालूचा फ्लॅगही बहुधा ठेवतात. तिथे तो खपून जातो, कारण वेअरहाउस ठरावीक वेळाने नव्याने भरले जाते आणि फ्लॅग ही तारखांवरून काढलेली सोयीची प्रत असते. जिथे बिल फाडले जाते तिथे ही प्रत मूळ म्हणून वापरू नये, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप थोडा अधिक विचारी असतो. इतिहासाचे एक टेबल, चालूचे एक, येणाऱ्याचे एक असे तीन भाग केले तर रोजचे टेबल लहान राहते आणि कामही वेगाने होते. वेगाचा मुद्दा खरा आहे. पण अशा मांडणीत नोंद काळाच्या ओघात एका टेबलातून दुसऱ्यात हलवावी लागते, आणि हलवणे म्हणजे एकीकडून काढणे आणि दुसरीकडे घालणे. दोन पायऱ्यांमध्ये काही बिघडले तर नोंद दोन्हीकडे असते किंवा कुठेच नसते. वर्षभराचा अहवाल काढायचा तर तिन्ही टेबले जोडावी लागतात, आणि नवा कॉलम आला की तो तिन्हीकडे घालावा लागतो, पण सहसा दोनच ठिकाणी घातला जातो. जुन्या रो वेगळ्या जागी साठवणे आजची डेटाबेस सॉफ्टवेअरे पोटात करतातच. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र एकच टेबल दिसले पाहिजे.

इथपर्यंतचे म्हणणे बहुतेकांना पटते. खरी अडचण पुढे आहे, आणि या पुस्तकाची बरीच पाने तिच्यासाठी खर्ची पडली आहेत. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा प्रत्यक्षात काय लागू होते ते सांगतात. आपल्याला ते केव्हा कळले, हे त्या सांगत नाहीत. सरकारी पगारपत्रक हे याचे रोकडे उदाहरण. केंद्राने 28 मार्च 2025 रोजी महागाई भत्ता 53 टक्क्यांवरून 55 टक्के केला, आणि तो लागू केला 1 जानेवारीपासून. जानेवारी-फेब्रुवारीचे पगार 53 टक्क्यांनी होऊन गेले होते. ते चुकले होते का? जानेवारीत जे ठाऊक होते त्याप्रमाणे ते बरोबर होते, आणि मार्चअखेर जे ठाऊक झाले त्याप्रमाणे फरक देणे निघत होते. भत्त्याच्या टेबलात 53 च्या जागी 55 लिहिले तर जानेवारीची पगारस्लिप कशाच्या आधारे काढली होती हे सांगता येत नाही. न लिहिले तर फरकाचे बिल निघत नाही. फेब्रुवारीअखेर निवृत्त झालेल्या माणसाची नोंद तर अनेक कार्यालयांत इनअ‍ॅक्टिव्ह करून बाजूला पडलेली असते, पण त्याचेही दोन महिन्यांचे देणे निघते आणि निवृत्तीचे हिशोबही पुन्हा करावे लागतात. महाराष्ट्राने सातव्या वेतन आयोगाचा पगार जानेवारी 2019 पासून दिला, पण तो लागू केला 1 जानेवारी 2016 पासून, आणि तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. पूर्वलक्षी प्रभावाने हे शब्द शासन निर्णयात लिहायला एक ओळ पुरते. डेटाबेसमध्ये मात्र त्यासाठी प्रत्येक नोंदीला दोन काळ लागतात: एक लागू असण्याचा आणि एक नोंद असण्याचा. रिचर्ड स्नॉडग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून या दोन काळांचा फरक काटेकोर मांडला आणि तो क्वेरीच्या भाषेत आणायचा प्रयत्न केला. एसक्यूएलच्या प्रमाणित भाषेत तो 2011 च्या आवृत्तीत आला.

हा फरक कळला की बदल आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या क्रिया असल्याचेही लक्षात येते. गिऱ्हाईक नाशिकहून पुण्याला राहायला गेले, हा बदल. जुना पत्ता त्या काळापुरता खराच होता, त्याला फक्त ‘पर्यंत’ची तारीख लागली. गिऱ्हाईक पहिल्यापासून पुण्यातच होते आणि टायपिंग करणाऱ्याने नाशिक लिहिले, ही दुरुस्ती. जुना पत्ता कधीच खरा नव्हता, पण आपण तो खरा मानून माल पाठवला, हेही खरेच. जन्मतारीख बदलत नाही, तिची फक्त दुरुस्ती होते. पदनाम बहुधा बदलते. दराचे दोन्ही होते. ‘शेवटचा फेरबदल केव्हा’ असा एकच कॉलम ठेवणाऱ्या टेबलात या दोन क्रिया एकमेकींत मिसळून जातात, आणि नंतर त्या वेगळ्या काढण्याचा मार्ग नसतो.

‘हे सगळे आता सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते’ असे म्हणणाऱ्यांना अर्धेच उत्तर मिळालेले असते. एसक्यूएल सर्व्हरच्या 2016 च्या आवृत्तीत आणि मारियाडीबीच्या 2018 मधल्या 10.3 मध्ये अशी टेबले आली की जुन्या रो आपोआप जपल्या जातात आणि अमुक क्षणी टेबल कसे होते हे विचारता येते. सोय उत्तम आहे. पण तिथल्या तारखा यंत्र स्वतः टाकते, आणि त्या नोंदीच्या तारखा असतात. त्यात पुढच्या महिन्याचा दर भरता येत नाही, कारण यंत्राला ‘आता’ सोडून दुसरी वेळ लिहिता येत नाही. मागच्या जानेवारीपासूनचा भत्ताही त्यात मांडता येत नाही. लागू असण्याचा काळ आपणच कॉलम करून सांभाळावा लागतो, किंवा डीबी2 सारखे दोन्ही काळ एकाच टेबलात ठेवू देणारे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या एडिट लॉगचेही तेच आहे. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम 1 एप्रिल 2023 पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून लागू आहे. नियम चांगला आहे. पण लॉग हा तपासनीसाच्या कामाचा. त्यातून ‘14 ऑगस्टला या मालाचा दर काय होता’ हे विचारायचे म्हणजे सगळा लॉग उलगडून टेबल पुन्हा उभे करायचे. पुरावा सांभाळणे आणि उत्तर देणे ही दोन वेगळी कामे आहेत.

तारखा ठेवायच्या ठरल्या की सीमेवरचे वाद सुरू होतात. ते क्षुल्लक दिसतात, पण नुकसान बहुतेक तिथेच होते. जुना दर 21 सप्टेंबरपर्यंत आणि नवा 22 सप्टेंबरपासून असे लिहिले तर तारखांपुरते ठीक. वेळ आली की 21 तारखेच्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनंतरचा एक मिनिट कोणाचाच राहत नाही. म्हणून ‘पासून’चा क्षण आत आणि ‘पर्यंत’चा क्षण बाहेर धरायचा, म्हणजे एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात अक्षरशः एकच राहते. यावर मतभेद आहेत. हिशोब खात्यातल्या लोकांना 31 मार्चला संपणारे वर्ष 1 एप्रिलला संपल्याचे स्क्रीनवर पाहवत नाही, आणि त्यांचेही बरोबर आहे. स्क्रीनवर त्यांच्या पद्धतीने दाखवावे, साठवताना मात्र तडजोड करू नये. एकाच वस्तूचे दोन दर एकाच दिवशी लागू असू नयेत, हे साध्या प्रायमरी की ने राखता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये 2010 पासून त्यासाठी वेगळे बंधन घालता येते, इतर अनेक ठिकाणी ते ट्रिगर लिहून करावे लागते. नोंदींमधली फट त्याहून वाईट. दोन दर आले तर कोणाला तरी दिसते. एकही न आल्यास अनेक प्रोग्राम शून्य कर लावून मुकाट्याने पुढे जातात. शिवाय सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तर भारतात मध्यरात्र उलटल्यावरही साडेपाच तास त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. 22 सप्टेंबर 2025 ला साबण-शॅम्पूवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. अशा रात्री ऑनलाइन विक्री करणाऱ्याला हे साडेपाच तास नक्कीच जाणवतात.

एक आक्षेप अनुभवी लोकांकडून येतो, आणि त्याचे उत्तर द्यायला थोडे थांबावे लागते. बिलावर त्या दिवशीचा दर छापून साठवलेलाच असतो, मग दरांचा इतिहास कशाला? बिलात दर उतरवून ठेवलाच पाहिजे, यात दुमत नाही. बिल हा दस्तऐवज आहे आणि त्यावरचा आकडा नंतरच्या कोणत्याही टेबलावर अवलंबून असू नये. पण बिल सांगते की आपण काय लावले. काय लावायला हवे होते, हे दरांचा इतिहासच सांगतो. दोन्ही हाताशी असतील तरच चूक सापडते. शिवाय कोणत्या तारखेचा दर, हाच प्रश्न कधी कधी सरळ नसतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या 14 व्या कलमानुसार सेवांचा दर बदलतो तेव्हा सेवा दिल्याची, बीजक काढल्याची आणि पैसे मिळाल्याची अशा तीन तारखा पाहिल्या जातात, आणि त्यांतल्या दोन ज्या बाजूला पडतील त्या बाजूचा दर लागतो. म्हणजे दर बदलून गेल्यावर काढलेल्या बीजकालाही जुना दर लागू शकतो, सेवा आणि पैसे दोन्ही आधीचे असतील तर. रेट मास्टरमध्ये फक्त आजचा दर ठेवणाऱ्याला हे बीजक हातानेच करावे लागते.

येणाऱ्या नोंदींचा स्वभाव मात्र थोडा वेगळा आहे, हे मान्य करायला हवे. मागची नोंद बदलली तर कोणी का म्हणून विचारते. पुढची नोंद बदलणे हा रोजचा व्यवहार आहे. भत्ते गोठवले जातात, करार रद्द होतात, बढतीचा आदेश मागे घेतला जातो. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने महागाई भत्त्याचे तीन वाढीव हप्ते रोखले, आणि जुलै 2021 पासून एकदम 17 वरून 28 टक्के केले. मधल्या काळाचा फरक मिळाला नाही. म्हणून येणाऱ्या नोंदीला तारखेबरोबर आधार लागतो: अधिसूचनेचा क्रमांक, शासन निर्णय, करारातले कलम, किंवा निदान मंजूर करणाऱ्याचे नाव. आणि ती रद्द झाली तर तिला पुसायचे नाही, रद्द झाल्याची नोंद तिच्यावर चढवायची. नुसती शक्यता, विक्री विभागाचा अंदाज, साहेबांच्या मनातला बेत यांना या टेबलात जागा नाही. अंदाजाचे टेबल वेगळे असावे, नाहीतर एखादा अंदाज त्याची तारीख उगवताच कोणाच्याही संमतीशिवाय दर होऊन बसतो.

सगळ्याच गोष्टींचा इतिहास ठेवावा असे मात्र या पुस्तकाचे म्हणणे नाही. प्रत्येक कॉलमला दोन काळ चिकटवलेला डेटाबेस कोणालाच वापरता येत नाही, आणि तो बांधणारा पुढच्या नोकरीला निघून गेल्यावर कोणाला समजतही नाही. ज्यावर पैसा ठरतो, ज्याचा कायद्याला जाब द्यावा लागतो, किंवा ज्यावर विसंबून तिसऱ्या माणसाने काही केले, त्याला दोन्ही काळ द्यावेत. बाकीच्याला एक पुरतो, आणि पुष्कळ गोष्टींना एकही लागत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, तर कंपनी कायदा हिशोबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायला सांगतो. दोन्ही पाळायचे तर बिल, रक्कम, दर आणि तारखा एका बाजूला आणि फोन नंबर, जन्मतारीख, आवडीनिवडी दुसऱ्या बाजूला अशी फाळणी टेबलांची रचना करतानाच व्हायला हवी. एकाच रोमध्ये सारे कोंबणाऱ्याला दोन्हींपैकी एक कायदा मोडावा लागतो.

पैशांशी संबंध नसलेल्या नोंदींचाही एक प्रश्न आहे, आणि तो अहवाल वाचणाऱ्यांना फसवतो. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसईचा वितरक त्या दिवशी जागचा हलला नाही, त्याचा जिल्हा मात्र बदलला. गिऱ्हाईकांच्या टेबलात जिल्हा नुसता बदलून टाकला तर 2013 ची वसईची विक्री पालघरच्या नावावर जाते, तेव्हा पालघर जिल्हाच नव्हता. न बदलला तर 2015 चा अहवाल चुकतो. तारखांसह ठेवला तर ठाण्याची विक्री 2014 च्या ऑगस्टात धाडकन पडलेली दिसते, आणि विक्री प्रमुखाला जाब विचारला जातो. यांतल्या दोन अहवालांना कधी ना कधी गिऱ्हाईक असते: तेव्हाच्या सीमांनुसार विक्री हवी असलेले सरकारी विवरणपत्र, आजच्या सीमांनुसार दहा वर्षांची तुलना हवी असलेला व्यवस्थापक. डेटाबेसला दोन्ही अहवाल देता आले पाहिजेत, आणि यांपैकी कोणता दिला आहे हे अहवालाच्या डोक्यावर छापलेले असले पाहिजे. पहिले प्रकरण या छापण्यापासूनच सुरू होते.